मानलेले आणि मोजलेले

उन्हाळा कडक झाला की हवामानावर बोलणाऱ्यांचा तोटा नसतो. ग्वाल्हेरकडील मंडळी म्हणतात, असा उन्हाळा आम्ही पाहिला नव्हता. बेळगावकडील म्हणतात, पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही. त्याच संध्याकाळी कोणाच्या तरी मोबाइलवर संदेश येतो की, पृथ्वी तापते आहे ही परदेशी शास्त्रज्ञांनी उठवलेली हूल आहे. दुसऱ्या दिवशी दुसरा येतो की, दहा वर्षांत मुंबई पाण्याखाली जाणार. दोन्ही संदेश सारख्याच उत्साहाने पुढे पाठवले जातात, आणि कित्येकदा पाठवणारा हातही एकच असतो! मग शब्बाथ शाळेच्या वर्गातील एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, "सर, ह्यांतले खरे कोणते?" आणि शिक्षक सांगतात, "त्यावर वेगवेगळी मते आहेत."

हे उत्तर सभ्यपणाचे आहे खरे, पण ते पुरेसे नाही असे आम्हांला वाटते. बाजारात तांदूळ चांगला की बरा ह्यावर दोघांची दोन मते होतील. परंतु पोते किती किलोचे ह्यावर कोणी मत विचारीत नाही, काटा आणतात. हवामानाच्या प्रश्नातही काही भाग मताचा आहे. कोळशाची वीज किती लवकर बंद करावी, त्याचा भार श्रीमंत देशांनी किती उचलावा व आपण किती, ह्याविषयी सुज्ञ माणसांतही मतभेद राहतील आणि ते राहावेत. पण हवेत अमुक वायू किती आहे, तो वाढतो आहे की नाही आणि तो आला कोठून, हा भाग काट्याचा आहे. मुलांना निदान एवढा भेद आपण शिकवू शकलो, तर पुढे मोबाइलवर काय येईल त्याची फारशी भीती नको. म्हणून ह्या लेखात तो काटा कसा तयार झाला हे पाहू.

ज्या वायूविषयी हा सर्व वाद आहे त्याला आपल्यातील वडीलधारी मंडळी शाळेत कर्बाम्लवायू म्हणत. आता आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. तो उष्णता धरून ठेवतो ही गोष्ट नवी नाही. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून, आत तापमापक ठेवून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत अधिक तापली, आणि उन्हातून बाजूला काढल्यावर निवायलाही तिला सर्वांत जास्त वेळ लागला. तीन वर्षांनी लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी अधिक चांगल्या उपकरणांनी हे वायू उष्णतेचे किरण किती शोषतात हे मोजले. १८९६ साली स्वीडनमधील स्वांते अऱ्हेनियस यांनी कागद-पेन्सिलीने आकडेमोड करून सांगितले की, हवेतील हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वीचे तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढेल. आजच्या अभ्यासांप्रमाणे ही वाढ ३ अंशांच्या आसपास येते. एकट्या माणसाने हाताने केलेल्या गणिताला ह्याहून अधिक दोष आम्ही देणार नाही.

पुढचे नाव मात्र वर्गात अवश्य सांगावे असे आहे. गाय कॅलेंडर हे वाफेच्या तंत्रातले इंग्रज इंजिनिअर. हवामानशास्त्र हा त्यांचा पेशा नव्हे. फावल्या वेळात त्यांनी जगभरातील १४७ हवामानकेंद्रांच्या तापमानाच्या जुन्या नोंदी गोळा केल्या आणि १९३८ साली लंडनच्या हवामानतज्ज्ञांपुढे मांडले की, गेल्या अर्धशतकात पृथ्वी थोडी तापली आहे आणि कोळशाच्या धुरातून हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड हे त्याचे एक कारण आहे. ऐकणाऱ्यांना ते फारसे पटले नाही. हौशी माणसाचा उद्योग, असेच पुष्कळांना वाटले. पण आकडे आकडेच होते. पुढे आधुनिक पद्धतीने पुन्हा हिशेब केल्यावर कॅलेंडर यांचा तापमानाचा आलेख बराच बरोबर ठरला. गंमत अशी की, त्याच निबंधात त्यांनी आपले मतही दिले होते. ही उष्णता मनुष्यजातीला हितकारकच ठरेल, थंड प्रदेशांतील शेती सुधारेल आणि हिमयुग परत येणे लांबेल, असे ते म्हणत. थंडीने गारठणाऱ्या देशातील माणसाला तसे वाटले तर नवल नाही. ग्वाल्हेरला मे महिना काढलेल्या माणसाला तसे वाटले नसते. एकाच माणसाच्या एकाच निबंधातील मोजमाप टिकले आणि मत गळून पडले. मोठ्या मुलांच्या वर्गात ह्यावर अर्धा तास चांगली चर्चा होऊ शकेल.

तरीही एक उणीव होती. हवेत हा वायू नक्की किती आहे हेच कोणाला धड सांगता येत नव्हते. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले आकडे एकमेकांशी जुळत नसत, म्हणून पुष्कळ शास्त्रज्ञ म्हणत की ते जागेप्रमाणे बदलतच असणार. ही उणीव चार्ल्स डेव्हिड कीलिंग ह्या तरुण अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने भरून काढली. त्यांनी स्वतः एक उपकरण बनवले आणि १९५५ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील रानात मुक्काम करून, दिवसा आणि रात्रीही, दर काही तासांनी काचेच्या गोळ्यांत हवा भरून घेतली. त्यांना असे आढळले की, रात्री झाडे श्वास सोडतात तेव्हा आकडा चढतो. पण दुपारी, वारा सुटून हवा चांगली मिसळली की, तो जवळजवळ सारखाच येतो: हवेच्या दशलक्ष भागांत सुमारे ३१० भाग. दुसऱ्या ठिकाणी गेले, तेथेही दुपारचा आकडा तोच. म्हणजे हवेला एक पक्का आकडा होता. तो आजवर कोणी नीट वाचला नव्हता, इतकेच.

मार्च १९५८ मध्ये हवाई बेटांतील मौना लोआ ह्या पर्वतावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, त्यांचे यंत्र सुरू झाले. पहिला आकडा आला ३१३. नंतर तो मे महिन्यापर्यंत चढला, मग उतरू लागला, आणि पाने गळण्याच्या दिवसांत पुन्हा चढू लागला. पुढच्या वर्षी पुन्हा तसेच झाले. पृथ्वीच्या उत्तर भागात जमीन आणि जंगले अधिक आहेत. तेथे वसंतात पालवी फुटली की झाडे हवेतील कार्बन ओढून घेतात, आणि हिवाळ्यात पाने कुजली की तो परत हवेत जातो. अवघी पृथ्वी वर्षाकाठी एक श्वास घेते व सोडते, हे मनुष्याने तेव्हा प्रथम आकड्यांत पाहिले. परंतु दुसरीही एक गोष्ट दिसली: दर वर्षीचा श्वास मागच्या वर्षीपेक्षा थोडा वर सरकलेला होता. पहिल्या वर्षांत सरासरी ३१५ होती. मे २०१३ मध्ये एका दिवसाचा आकडा प्रथमच ४०० च्या वर गेला. २०२४ ची वार्षिक सरासरी सुमारे ४२५ आली, आणि मे २०२५ ची मासिक सरासरी ४३० च्या पुढे गेली. दक्षिण ध्रुवावरील बर्फात अडकलेले जुन्या हवेचे बुडबुडे तपासून गेल्या ८ लाख वर्षांचा हिशेब लागला आहे. त्या संपूर्ण काळात, आपल्या शतकांपर्यंत, हा आकडा ३०० च्या वर गेलेला आढळत नाही.

येथे एखादा हुशार मुलगा हमखास अडवतो: मौना लोआ हा तर ज्वालामुखी! ज्वालामुखीच्या डोक्यावर बसून वायू मोजल्यावर तो वाढणारच. शंका रास्त आहे, आणि ती कीलिंग यांनाही होती. पर्वतावर रात्री वारा वरून खाली वाहतो तेव्हा कधी कधी विवरांतील वायू यंत्रापर्यंत येतो. पण मग आकडा स्थिर राहत नाही, मिनिटामिनिटाला उड्या मारतो. असे तास सरासरीत धरत नाहीत. शिवाय काटा एकच नाही. दक्षिण ध्रुवावर, अलास्काच्या टोकाला, टास्मानियाच्या किनाऱ्यावर वेगवेगळ्या देशांची माणसे वेगवेगळ्या यंत्रांनी तेच मोजतात आणि तीच चढण पाहतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआचा खरोखरच उद्रेक झाला. लाव्ह्याने रस्ता व विजेच्या तारा तोडल्या आणि यंत्र बंद पडले. तेव्हा थोड्याच दिवसांत शेजारच्या मौना केआ पर्वतावर मोजणी सुरू करण्यात आली.

आपल्या वाचकांना हे सर्व दूरचे वाटेल, म्हणून सांगतो. गोव्यात काणकोण तालुक्यात काब द रामचा किल्ला आहे. आपल्यापैकी कित्येक जण तेथे सहलीला गेले असतील. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीच्या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेच्या सहकार्याने १९९३ पासून काही वर्षे तेथील किनाऱ्यावरची हवा काचेच्या फ्लास्कांत भरून तपासणीसाठी ऑस्ट्रेलियाला पाठवली. जागा मोठी मार्मिक निवडली होती. पावसाळ्यात तेथे दक्षिणेकडील महासागरावरून आलेली स्वच्छ हवा मिळते, आणि हिवाळ्यात वारा फिरला की देशाच्या अंतर्भागातील चुलींचा, कारखान्यांचा व वाहनांचा धूर घेऊन आलेली. त्या फ्लास्कांतही वर्षामागून वर्ष तीच चढण दिसली. पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावरही हा वायू मोजायला घेतला. तेव्हा ही केवळ परदेशी माणसांनी दूरच्या बेटावर केलेली गोष्ट आहे, असे म्हणणाऱ्याने एकदा काणकोणला जाऊन यावे.

बरे, वायू वाढला. पण तो आपल्या धुराचाच कशावरून? ह्याचे उत्तर आम्हांला सर्वांत आवडते, कारण ते पोलिसी तपासासारखे आहे. जिवंत झाडामाणसांतील कार्बनमध्ये एक अल्पसा किरणोत्सारी भाग असतो, त्याला कार्बन-१४ म्हणतात. जीव मेला की तो हळूहळू संपत जातो. कोळसा व खनिज तेल कोट्यवधी वर्षे जमिनीत पडून असल्याने त्यांत तो मुळीच उरलेला नाही. कोळसा जाळला की हा 'म्हातारा' कार्बन हवेत मिसळतो आणि हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण पातळ होते, दुधात पाणी घातल्यासारखे. हान्स स्यूस यांना १९५० च्या दशकातच झाडांच्या लाकडात हे दिसले होते. दुसरा साक्षीदार म्हणजे प्राणवायू. काहीही जळताना प्राणवायू खर्च होतो. कीलिंग यांचे चिरंजीव राल्फ कीलिंग १९८९ पासून हवेतील प्राणवायू मोजत आले आहेत, आणि तो किंचित किंचित कमी होतो आहे. श्वास घ्यायला कमी पडेल अशी भीती नाही. पण कार्बन ज्वालामुखीतून आला असता तर ही घट दिसली नसती. ज्वालामुखींचा वायू आपल्या धुराशी तोलला तर शंभरांत सुमारे एक भाग भरतो.

आता मोबाइलवरच्या दोन-तीन ठरावीक संदेशांविषयी. पहिला असा की, हवेत कार्बन डायऑक्साइड आहेच मुळी ०.०४ टक्के, एवढासा वायू काय करणार? ह्याला घरातले उत्तर आहे. बादलीभर पाण्यात चिमूटभर नीळ घाला आणि पाहा. पाणी स्वतः रंग दाखवत नाही, म्हणून चिमटीचा रंग सगळ्या बादलीला येतो. हवेत नव्व्याण्णव टक्के असलेले नायट्रोजन व प्राणवायू पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता जवळजवळ अडवीतच नाहीत, त्यामुळे तिच्या वाटेत उभे राहणारे जे थोडके वायू आहेत त्यांचाच प्रभाव पडतो. दुसरा संदेश म्हणतो, हवामान पूर्वीही बदलत असे. होय, बदलत असे, आणि हे आपल्याला त्याच शास्त्रज्ञांनी सांगितले आहे. पूर्वी रानात वणवे आपोआप लागत, म्हणून आज काडी कोणी ओढली हे विचारू नये काय?

तिसरा संदेश उलट बाजूचा, मुंबई दहा वर्षांत बुडण्याचा. तो पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून त्याची तपासणी कोणी करीत नाही. ती केली पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीने २०२१ च्या अहवालात नमूद केले की, १९०१ ते २०१८ ह्या काळात जगभरच्या समुद्राची पातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटर वाढली, आणि वाढीचा वेग पूर्वीपेक्षा अधिक झाला आहे. सखल किनाऱ्यावरील गावांना, खाजण शेतीला आणि कोळीवाड्यांना ही गोष्ट काळजीची आहेच. त्यासाठी खोटी मुदत घालण्याची गरज नाही. मुदत टळली की मुले म्हणणार, पाहा, काही झाले नाही, आणि मग खऱ्या आकड्यावरूनही त्यांचा विश्वास उडतो. आमच्या मते ह्या तिसऱ्या संदेशाने पहिल्या दोहोंइतकेच नुकसान होते.

मोजमापाचीही मर्यादा असते, ती मुलांपासून लपवू नये. २६ जुलै २००५ च्या त्या भयंकर पावसात मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच वेळी कुलाब्याला सुमारे ७३. शहर एक, दिवस एक, आणि नोंदी दोन. जर कोणी कुलाब्याच्याच नोंदीवरून म्हटले असते की मुंबईत विशेष काही झाले नाही, तर? म्हणून एका जागेवरून सर्व जागांचे, किंवा एका दिवसावरून सर्व काळाचे अनुमान करता येत नाही. हवामानतज्ज्ञ सरासरी काढताना सहसा तीस वर्षांचा काळ धरतात तो ह्यासाठीच. २०२४ हे वर्ष कारखानदारीच्या आधीच्या काळापेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक तापलेले ठरले. परंतु २०१५ च्या पॅरिस करारातील दीड अंशाची मर्यादा अनेक वर्षांच्या सरासरीची आहे. एका वर्षाने ती मोडली असे होत नाही. जवळ मात्र आली.

आता जी गोष्ट आमच्या मनाला अधिक लागते ती सांगतो. खोट्या मताला उत्तर देता येते. पण काटाच काढून नेला तर उत्तर कशाने द्यावे? कीलिंग यांना आयुष्यभर पैशासाठी झगडावे लागले. रोज तेच मोजण्यात संशोधन ते काय, असे पैसे देणारे अधिकारी त्यांना विचारीत. १९६४ साली अनुदान कापल्यामुळे मौना लोआचे यंत्र काही महिने बंद राहिले, आणि त्या आलेखातील खिंडार आजही दिसते. ते आता कितीही पैसे ओतले तरी भरता येणार नाही. कीलिंग २००५ साली वारले, काम पुढे चालू राहिले. तथापि २०२५ मध्ये अमेरिकी शासनाच्या अंदाजपत्रकाच्या प्रस्तावात मौना लोआसह अशा वेधशाळांचा पैसा बंद करण्याचे सुचवण्यात आले. कोणाला कार्बनवर कर नको असेल, तर तसे त्याने उघड म्हणावे, ते मत आहे. पण काटा मोडून वजनाचा वाद मिटवणे हे मत नव्हे.

ह्या बाबतीत आपल्याकडचे एक उदाहरण अभिमानाने सांगण्याजोगे आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, आणि त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म उपकरणे बिघडणार हे दिसले. तेव्हा संचालक नानाभाई मूस ह्या पारशी गृहस्थांच्या देखरेखीखाली अलिबागला लोखंड न वापरता नवी इमारत उभी करण्यात आली. आणि जुनी जागा एकदम सोडली नाही: १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आकडे नव्यांशी जोडता यावेत. ट्राम केव्हाच गेल्या. अलिबागच्या नोंदी चालू आहेत.

शिक्षकांना ह्या पाठासाठी कृती हवी असेल तर पावसाळ्याआधी एक पर्जन्यमापक करावा. खर्च काही नाही. सरळ उभ्या बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घेऊन तिचा वरचा निमुळता भाग कापावा आणि तो उलटा करून आत बसवावा, म्हणजे नरसाळे होईल. तळाशी थोडे खडे टाकून त्यांवर पाणी ओतावे, आणि बाजू जेथे सरळ सुरू होते तेथे शून्याची खूण करून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. बाटली देवळाच्या आवारात झाड व भिंत यांपासून दूर ठेवावी. आपले हवामान खाते सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजते. आपणही तीच वेळ धरावी, म्हणजे जवळच्या केंद्राच्या आकड्याशी ताडून पाहता येईल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरभर जागेवर एक लिटर पाणी. देवळाचे छप्पर शंभर चौरस मीटर असेल, तर सांताक्रूझच्या त्या दिवशी त्यावर ९४,४०० लिटर पाणी पडले असते, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर भरून वर उरले असते. हा हिशेब मुलांनाच करू द्यावा.

मुलांच्या पाळ्या लावून एका वहीत रोजचा आकडा लिहावा आणि लिहिणाऱ्याने सही करावी. पाऊस न पडल्यास शून्य लिहावे. पुष्कळ मुले कोरड्या दिवशी वही उघडतच नाहीत. एखाद्या दिवशी मोजायचे राहून गेले, तर तेथे शून्य लिहू नये आणि शेजारच्याला विचारून अंदाजही भरू नये. जागा रिकामी ठेवून शेजारी 'मोजले नाही' असे लिहावे. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत वही कोणाकडे राहील हे जून महिन्यातच ठरवून ठेवावे.